बबिताची माती

१५ मार्च २०२५, शनिवार

आमच्या तांड्यात होळी पहाटे पेटते. त्यामुळे बाभुळगावात लोक रंग घेऊन बाहेर पडतात तेव्हा आमचं नाचून-गाऊन सगळं उरकलेलं असतं आणि माणसं खाटा धरतात. यंदा खाट मिळाली नाही. सेवादास राठोडची बबिता सुटीवर आली आहे आणि तांड्याचा प्रमुख म्हणून अमरसिंग नायकानं ठरवलं, तिचा सत्कार करायचा. सत्कार म्हटलं की मंडप माझा, माईक माझा आणि ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ करायला घसाही माझाच.

बबिता मिलिटरी पोलिसात अग्निवीर आहे. तांड्यातली वर्दी चढवलेली पहिली पोर. भरतीच्या आधी ती सकाळी डांबरी रस्त्यानं पळायची तेव्हा शेजारच्या गावचे सरपंच भगवानराव पारावरून ओरडायचे, “काहून वं, मागं कुत्रं लागलं काय?” काल तेच भगवानराव शाल-नारळ घेऊन स्टेजवर. म्हणाले, “आमी पयलेच ओळखलं होतं.” बबितानं माईक घेतला आणि म्हणाली, “काका, आता माह्या मागं कोनी लागत नाही. आता मीच लागते मागं.” मंडप हसून हसून हलला.

आवाज काल फार स्वच्छ लागला. मिक्सरवर माझा बादल होता. बाकीच्यांच्या भाषणात शिट्टी मारणारा माईक बबिताच्या वेळी असा गोड लागला की मी मागं वळून पाहिलं. पोरगा हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला. चोविसाव्या वर्षी एवढं काम साधलं म्हणजे मिळवलं. त्याच्या वयात मी दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू खांद्यावर वाहत होतो, आणि शहाणपण जे काही आलं ते कनातीमागून ऐकून आलं. कापडापलीकडेही माणूस असतो हे लोकांच्या ध्यानातच राहत नाही.

सत्कार झाल्यावर सेवादासनं मला बाजूला घेतलं. “धावजी, बादल-बबिताचं ते आपलं बोलनं...”

“अरे, तिले चार वर्सं लग्न नाही करता येत. तसं लिहून देल्लं हाय तिनं. अर्धे झाले, अर्धे राह्यले. कायम होते का घरी येते, ते पाहू. मंग बोलू.”

“पोरायच्या मनात हाय.”

“मनात ठेवाले कोन नाही म्हनते?”

तो हसला, मीही हसलो. दार लावलं नाही, उघडलंही नाही. धंद्यात मी असंच करतो आणि आजवर फसलो नाही.

२४ मार्च, सोमवार

मारेगावच्या लग्नाचं काम आटोपून आज घरी आलो. बबिता सकाळीच ड्यूटीवर गेली. बादल तिला टेम्पोनं धामणगाव स्टेशनवर सोडून आला. एक पोरगी आणि एक ट्रंक, त्याला टेम्पो! म्हटलं, मोटरसायकल मोडली काय? म्हणे, ट्रंक जड होती.

घरात शिरलो आणि काहीतरी कमी वाटलं. जेवायला बसलो तेव्हा कळलं. मैनाच्या घुगऱ्या वाजत नव्हत्या. आमच्यात लग्न झालं की बाईच्या कानशिलावरच्या केसात चांदीच्या घुगऱ्या गुंफतात, बारीक घुंगरांच्या. नव्या पोरी घालत नाहीत, तांड्यात जुन्या बायकाच काय त्या राहिल्या. मैनाच्या घुगऱ्या माझ्या आईच्या. डावीकडचा एक घुंगरू चेपलेला, त्यामुळे ती चालली की किण्‌-किण्‌-ठक असा आवाज यायचा. यात्रेच्या गर्दीतही बायको मला कानानं सापडायची.

“घुगऱ्या कुठं?”

“कडी तुटली. कळंबच्या सोनाराकडे टाकल्या.”

“दोन्हीच्या कड्या संगंच तुटल्या?”

“तुमाले जेवाचं हाय का पंचनामा कराचा हाय?”

जेवलो. ओसरीत मुसळ भिंतीला टेकवलेलं होतं, हळदीनं पिवळं. उन्हाळ्याची हळद कुटायला घेतली असेल. मैना खुशीत दिसली. बादलही. मी घरी नसलो की या दोघांना मानवतं असं दिसतं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. आज तीज पेरली. तांड्यातल्या कुंवाऱ्या पोरी टोपल्यांत माती घालून गहू पेरतात, रोज पाणी घालून गाणी म्हणतात, आणि गोकुळाष्टमी झाली की नायकाच्या हुकमानं विसर्जन. लग्न झालेलीला टोपली नाही. पोर गावाबाहेर असली तर तिच्या नावाची टोपली आई दुसऱ्या पोरीकडून पेरून घेते. मागच्या साली बबिताची टोपली नायकाच्या संगीतानं पेरली होती.

मी नायकाच्या दारापुढं दिव्याच्या माळा बांधत होतो. संगीता सेवादासच्या बायकोला, जमनीला विचारत होती, “काकी, बबिताची टोपली?”

“यंदा नको, बाई.”

“काहून? रागावन ते माह्यावर.”

“नाही रागवत. म्या तिले इचारलं.”

जमनी म्हणजे रीतभात सोडणारी बाई नाही. पोरगी फौजेत गेली तर आईलाही हवा लागली म्हणायची. मैना शेजारीच उभी होती. तिनं झटक्यात विषय बदलला, गव्हात किडे दिसतात म्हणून. मी पाहिलं, गहू चांगला होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हात होत नाही, तरी लिहितो.

दुपारी बबिताच्या युनिटमधून सेवादासला फोन आला. तो वावरात होता. बांधावर बसून ऐकलं आणि चालू फोन हातात धरून धावत माझ्याकडे आला. “तू ऐक धावजी, मले बराबर समजून नाही राह्यलं.” हिंदी त्याला माझ्याइतकीच समजते.

पलीकडचा साहेब सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलला. डोंगरातल्या रस्त्यावर दरड आली होती. बबिता आणि तिच्यासोबतच्या पोरी गाड्या थांबवून माणसं मागं काढत होत्या. माणसं निघाली. मग वरून दुसरी दरड आली. साहेब बोलत होता आणि सेवादास माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता. तोंडावर काही येऊ द्यायचं नाही ही माझी सवय. आज ती कामी आली नाही.

बादल शाळेत पंधरा ऑगस्टच्या झालरी बांधत शिडीवर होता. मी खालून सांगितलं. तो उतरला. शिडी मिटवून भिंतीशी नीट ठेवली. मग हौदावर गेला आणि डोक्यावर पाणी ओतत राहिला. एका वर्गातली पोर, लागणारच. मैनाला सांगितलं तर ती जमनीच्या घरी न जाता आधी शाळेकडे पळाली. बायकांचं काही सांगता येत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

नायब तहसीलदारांचा फोन. उद्या सकाळी पार्थिव येणार, सरकारी मानवंदना. नाल्यापलीकडच्या पडीत चबुतरा, लाकूड, कनात, गर्दीसाठी बल्ल्या, साउंड, सगळं तयार पाहिजे. बादलला लाकडाला पाठवलं. वखारीतून त्यानं एकेक ओंडका हातानं ठोकून, वाजवून निवडला. ओला एकही नाही. चबुतऱ्यावर रचतानाही कोणाला हात लावू देईना.

दिवस मावळायच्या आत नायक पाहायला आले. “हे कोनासाठी रचलं, धावजी?”

“सरकारी हुकूम, नायक.”

“सरकारले काय माहीत? पन तू कोनाचा हायस? कुंवारी पोर कधी जाळली आपन?”

खरंच माझ्या डोक्यातून सुटलं होतं. आमच्यात लग्न झालेल्याला अग्नी, कुंवाऱ्याला माती. सरकारी कामं करता करता मी सरकारसारखाच झालो. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, कुटुंबाची रीत असेल तसं करा, आमची ना नाही.

बादलला म्हटलं, “लाकूड उतरव. खड्डा खंदाचा हाय.”

“नाही.”

“नाही म्हंजे? कुंवारी पोर—”

“चिताच लागन, बापू.”

रागावला नव्हता, रडतही नव्हता. गिऱ्हाइकाला स्टेजचं माप सांगावं तसा बोलला. पोरगा थकला आहे म्हणून मी वाढवलं नाही. तांड्यातल्या पोरांकडून चबुतऱ्याच्या बाजूलाच खड्डा खणून घेतला. चिता तशीच ठेवली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

क्रमानं लिहितो, नाहीतर पुढं मलाच वेगळं आठवायला लागेल.

फाट्यापासून तांड्यापर्यंत माणूस होतं. शवपेटी लष्कराच्या गाडीतून उतरवली ती बायकांनी, बबिताच्या युनिटच्या सहा जणी. पेटी उघडायची नाही असं सांगितलं आणि सेवादासच्या अंगणात ठेवली. मी घराच्या बाजूनं सावलीसाठी कनात बांधत होतो. कापडापलीकडे जमनी, मैना आणि बबिताबरोबर एका खोलीत राहणारी समीक्षा म्हणून पोरगी, कोल्हापूरकडची. ती बबिताची ट्रंक घेऊन आली होती.

कडी निघाली. कपडे निघाले. मग किण्‌-किण्‌-ठक.

सुतळी माझ्या हातात तशीच राहिली.

समीक्षा सांगत होती, “हे कुणाला दावायचं नाही म्हणायची, काकी. रविवारी केस धुतले की आरशासमोर लावून बघायची, परत कापडात गुंडाळून तळाशी. म्हणायची, मला कायम होऊ दे गं, मग ह्या घालून परेडला उभी राहते बघ.” हसल्यासारखा आवाज आला तिचा आणि मध्येच तुटला.

मैना म्हणाली, “दे माय इकडं.”

मी मैनाला घरामागं बोलावलं. ती आली, मूठ वळलेली.

“कधी?”

“तुमी मारेगावले गेलते तवा. ओसरीत मुसळ उभं केलं, त्याच्या भवताल सात फेरे झाले. जमनी अन् मी, दोघीच होतो.”

“सेवादास?”

“त्याले मागून सांगतलं.”

“अन् मले?”

“तुमाले इचारलं असतं तर तुमी ‘पाहू’ म्हनले असते.”

म्हटलं, “नायकाबिगर लग्न होते काय?”

“फेरे झाले. थे दोघं एकमेकाले मानून मोकळे झाले. माही सून हाय ते. पोराले अग्नी देऊ द्या. तुमी फक्त तोंडातून काढा, बाकी मी पाहते.”

तेवढ्यात नायकाचं बोलावणं आलं. निंबाखाली नायक, पंच, सेवादास. दहा पावलांवर खुर्च्यांत साहेब लोक बसलेले, नायब तहसीलदार आणि एक सुभेदार. पलीकडे मिक्सरपाशी बादल. त्यानं हेडफोन काढून गळ्यात घातला होता.

नायक हळू बोलले, “धावजी, माह्या कानावर काही आलं हाय. पन कानावर आल्यानं मी माती ठरवत नाही. घरच्या मानसानं सांगाचं. पोर कुंवारी हाय, का तुही सून हाय? तू म्हनशीन ते होईन.”

सेवादासनं हात जोडले होते. कशासाठी ते त्यालाच माहीत. सांग म्हणून का सांगू नको म्हणून, मला कळलं नाही. मी माझ्या सोयीचं धरलं.

भराभर विचार करायची मला सवय आहे. पोरीनं लग्न करणार नाही असं लिहून दिलेलं. आता आपण सून म्हटलं तर हे साहेब काय म्हणतील? अंगावरचा झेंडा काढतील काय? बंदुकीची सलामी राहील काय? विचारून पाहावं, तर विचारणं म्हणजेच सांगणं. आणि तिनं स्वतःच झाकलं होतं की, कायम व्हायचं म्हणून. तिनं झाकलेलं मी कोण उघडणार? आणि बादल चोवीस वर्षांचा आहे. हे सगळं उभ्या उभ्या मनात फिरलं.

“कुंवारी,” मी म्हटलं.

आवाज खणखणीत आला. खुर्च्यांपर्यंत गेला, मिक्सरपर्यंतही गेला.

बादलनं हेडफोन परत कानाला लावला.

मग पेटी उठली. खांदा त्या सहा जणींचाच. तांड्यातले म्हातारे कुजबुजले, बाया खांदा देऊन राह्यल्या म्हणून. सुभेदार म्हणाला, ड्यूटी है. आमच्या बायका मयतीत तांड्याच्या वेशीपर्यंतच येतात, तिथून मागं फिरतात. वेशीपाशी मी मैनाकडे पाहिलं. त्या सहा जणी वेस ओलांडून पुढं गेल्या आणि त्यांच्या मागून जमनी गेली. मग मैना. मग संगीता, मग सगळ्याच. अडवायचं कोणी आणि काय म्हणून? वर्दीतल्या चालतात आणि आई चालत नाही, असं म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही.

नाला ओलांडला आणि जमनीनं गळा काढला.

पहिल्या ओळीला मी ओळखलं. दुसऱ्या ओळीला तांडा ओळखला. तो ढावलो होता. आमची नवरी सासरी निघते तेव्हा मायच्या गळ्यात पडून ती जे रडून गाते, तो ढावलो. मयतीला कोणी म्हणत नाही. मायचं म्हणणं जमनीनं उचललं आणि नवरीचं म्हणणं मैनानं, माझ्या बायकोनं, सुनेच्या वतीनं. ‘माय, तुझं अंगण मला परकं झालं, बापू, मला वाटेला लावायला ये.’ साहेब लोकांना वाटलं, बायका रडत आहेत. नायब तहसीलदारांनी रुमाल काढला. तांड्यातला प्रत्येक माणूस मात्र मान खाली घालून चालत होता. नायकही.

सलामी झाली. बंदुकांच्या आवाजानं झाडावरची पाखरं उठली, पण ढावलो थांबला नाही. झेंड्याची घडी करून जमनीच्या हातावर ठेवली. पेटी खड्ड्यात उतरवली. मैना कडेला वाकली आणि मूठ उघडली. लोकांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. किण्‌. मग पेटीच्या लाकडावर, ठक.

पहिली माती सेवादासनं टाकली. मग बादलनं फावडं घेतलं. रीतीप्रमाणे एकेकानं मूठमूठ टाकायची आणि शेवटी चार पोरांनी मिळून बुजवायचं. बादलनं फावडं दुसऱ्याकडे दिलंच नाही. कोणी मागायला पुढं झालं की तो थांबायचा, त्याच्याकडे पाहायचा आणि पुन्हा माती ओढायचा. शेवटी सगळे नुसते उभे राहिले. साहेबांनी मला विचारलं, “हा मुलगा कोण?”

“माझाच आहे,” मी म्हटलं. “मंडपाच्या कामावर असतो.”

बाजूला चबुतऱ्यावर निवडलेलं लाकूड रचून ठेवलेलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

तहसीलच्या झेंडावंदनाला साउंड मी एकट्यानं लावला. माईकनं शिट्टी मारली. मला थांबवता आली नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

चबुतऱ्यावरचं लाकूड पावसात काळं पडलं. कोणी चुलीला नेत नाही, आणि मला उचलायला सांगायचं धैर्य होत नाही. बादल सांगितलेलं काम करतो, एक शब्द जास्त नाही. मैना माझ्याशी बोलते, कामापुरती. मागून येऊन ताट ठेवते तेव्हा मी दचकतो. पूर्वी ती येण्याआधी तिचा आवाज यायचा.

तांड्यात मला कोणी काही म्हणत नाही. हसतात, चहा देतात. मी टपरीवर पोचायच्या आधी जे बोलणं चालू असतं ते मात्र मी पोचल्यावर चालू राहत नाही. आयुष्यभर लोकांचं ऐकत आलो, आता लोकांनी ऐकू देणं बंद केलं.

स्वतःशी तेच म्हणतो: झेंड्यासाठी बोललो. तिच्या नावासाठी बोललो.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली की लग्नाच्या तारखा धरायला आणि सोयरिकी काढायला माणसं एकदमच येतात. आज आर्णीकडचे पुंडलिकराव पवार आले, त्यांच्या साळ्याला घेऊन. त्यांची पोरगी शिकलेली आहे. माणूस मोकळा, बोलका, माझ्याच जातकुळीचा. घडीभरात मंडपाचं गोदाम पाहून, बादलच्या हाताखालची माणसं विचारून मोकळा झाला. बादल ओसरीत वायर गुंडाळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

चहा आला. पुंडलिकराव हसून म्हणाले, “एक इचारून घेतो धावजीभाऊ, राग नका मानू. पोरगा कुंवाराच हाय नं? आजकाल लोक मागून सांगतात.”

मीही हसलो. ‘होय’ म्हणायला तोंड उघडलं.

आत मैनाच्या हातातलं भांडं थांबलं. ओसरीत वायर थांबली. आणि मला दिसलं की प्रश्न हाच होता. त्या दिवशी निंबाखाली नायक विचारत होते, पण मी मनात उत्तर देत होतो ते या माणसाला.

“नाही,” मी म्हटलं. “दुजवर हाय. बायको वारली त्याची, ऑगस्टमधी.”

पुंडलिकरावांचा कप तोंडापाशी राहिला. “आमाले कोनी बोललं नाही.”

“मीच बोललो नव्हतो.”

“कुठली होती पोरगी?”

“इथलीच. फाट्यावर फोटो लावलेला हाय नं वर्दीतला, थे.”

त्यांनी साळ्याकडे पाहिलं. “पन थे तर... तिले तर मानवंदना...”

“माही सून होती.”

चहा अर्धा ठेवून ते उठले. वाईट वागले नाहीत. दारापर्यंत जाऊन बादलच्या खांद्यावर हात ठेवावा असं पुंडलिकरावांना वाटलं असेल, हात उचलला होता, पण ठेवला नाही.

गाडी गेली. बादलनं गुंडाळी खुंटीला अडकवली. “यायले सांगून काय फायदा, बापू?” एवढंच म्हणाला आणि गोदामाकडे गेला. मैना चुलीपाशी बसून होती. माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ दिवसांनी.

मी चप्पल घातली आणि सरळ नायकाच्या घरी गेलो. ते अंगणात तुराटीचा झाडू बांधत होते. उभ्यानंच सांगितलं. म्हटलं, “नायक, त्या दिवशी मी खोटं बोललो. ते माही सून होती.”

“माहीत हाय.”

“ढावलोवरून?”

“त्याच्या आधीच. मैना अन् जमनी सकाळीच येऊन गेलत्या माह्याकडं. पाया पडल्या.” त्यांनी झाडूची गाठ आवळली. “मले माहीत नव्हतं म्हून नाही इचारलं तुले. मी खिशात गूळ घेऊन बसलो होतो, धावजी.”

आमच्यात नायकानं चार माणसांत गूळ फोडून तोंडात दिला की सोयरीक पक्की. मग तिला कोणी नाही म्हणू शकत नाही.

“तू ‘सून’ म्हनला असता का तिथंच फोडनार होतो. साहेबायच्या हातावरही ठेवला असता, परसाद म्हून. त्यायले काय समजनार होतं? मानवंदना झाली असती, अन् पोरानं अग्नीही देल्ला असता. तुह्या एका शब्दासाठी थांबलो होतो.”

मी खाली बसलो.

“मंग आता फोडा,” मी म्हटलं. “पुऱ्या तांड्यासमोर फोडा. मी सांगतो सगळ्यायले.”

नायकानं झाडू बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“पोर तं मातीत देल्ली आपन. आता कोनाच्या तोंडात देऊ?”